किनाऱ्यावरचे लग्न : उमरग्याहून निघण्यापूर्वी

मराठवाड्यातल्या उमरग्याला कुठल्याच बाजूने समुद्र जवळ नाही. पश्चिमेचा रत्नागिरी-गुहागरचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे आणि घाट उतरून जायचे तर त्याहून कितीतरी लांब. गावाजवळून जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मात्र पुण्याहून निघतो आणि सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा ओलांडून मच्छलीपट्टणमला बंगालच्या उपसागरापाशीच थांबतो.

इतक्या अंतरावरूनही समुद्राची ओढ लागतेच. वाळूतला मांडव, मागे मावळता सूर्य, वाऱ्यावर हलणारे पांढरे पडदे आणि अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असलेले दोघे, हे चित्र आता उमरग्यातल्या मुलामुलींच्याही मोबाइलमध्ये आहे. ही हौस रास्त आहे. आयुष्यात एकदा येणारा दिवस मोकळ्या आभाळाखाली आणि अथांग पाण्यासमोर साजरा करावा असे वाटण्यात वावगे काही नाही. पण ज्यांच्या सात पिढ्यांनी काळी जमीन आणि विहीर पाहिली, त्यांना समुद्राच्या सवयी ठाऊक नसणे साहजिक आहे. त्यामुळे काही गैरसमज पक्के होतात आणि ऐन लग्नात महागात पडतात. लग्न ठरवण्याआधीच ते दूर झालेले बरे.

गैरसमज १ : किनारा मोकळाच असतो, वाळूत मांडव घातला की झाले.

वस्तुस्थिती : किनारा सर्वांचा आहे, म्हणूनच तो कुणा एकाला मनाला येईल तसा वापरता येत नाही. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ याखाली किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. तिचे सध्याचे रूप १८ जानेवारी २०१९ चे आहे. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा आणि भरतीरेषेपासून जमिनीकडे सर्वसाधारणपणे ५०० मीटरपर्यंतचा भाग तिच्या कक्षेत येतो. वाळूच्या टेकड्या, खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागा यांना त्यात सर्वांत कडक संरक्षण आहे. टेकडीवर पसरलेली मर्यादवेल सजावटीच्या आड येते म्हणून उपटायची नसते, कारण वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

तात्पुरत्या मांडवालाही परवानगी लागते. गोव्यात पर्यटन खाते आणि किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, तर कोकणात ठिकाणानुसार जिल्हाधिकारी कार्यालय, मेरीटाइम बोर्ड, ग्रामपंचायत आणि पोलिस ठाणे यांच्याकडे जावे लागते. रिसॉर्टवाले ‘बीच आमचाच आहे’ असे सांगतात. त्यांची मालकी हिरवळीपर्यंत असते, पुढची वाळू सरकारी असते. विसार देण्याआधी तुमच्या तारखेचा परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहा.

शिवाय किनारा हे कोळी-गाबितांचे शेतच आहे. मालवणपासून गोव्यापर्यंत रापण ओढली जाते, म्हणजे पाण्यात लांबवर सोडलेले जाळे पंचवीस-तीस माणसे वाळूवरून ओढून आणतात. होड्या तिथेच लागतात, मासळी आणि जाळी तिथेच वाळतात. फोटोत नको म्हणून होडी हलवायला सांगणे म्हणजे आपल्या खळ्यावर येऊन कुणी रास उचलायला सांगण्यासारखे आहे. त्या वाडीतल्या जाणत्यांना आधी भेटावे, वेळ विचारून घ्यावी आणि त्यांच्या कामाला वाट ठेवावी.

गैरसमज २ : लग्नसराई सुरू झाली की समुद्रावरही लग्न करता येते.

वस्तुस्थिती : मराठवाड्यातली लग्ने वैशाख-ज्येष्ठात दाटतात, कारण रान रिकामे असते आणि शाळांना सुट्टी असते. समुद्राचे गणित नेमके उलटे आहे. मे महिन्यात किनाऱ्यावर पारा उमरग्याहून कमी दिसतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाला सरावलेली वऱ्हाडी मंडळी तिथे लवकर कासावीस होतात.

त्याच सुमारास अरबी समुद्रात वादळांचे दिवस येतात. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यात तौक्ते कोकण किनारा झोडपत गुजरातेकडे गेले. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. जन्म समुद्रावर काढलेली माणसे ज्या दिवसांत नौका किनाऱ्याला ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण वाळूत मांडव रोवू नये.

यावर कुणी विचारेल की, अभिनेत्री नयनतारा आणि दिग्दर्शक विघ्नेश शिवन यांचे लग्न ९ जून २०२२ रोजी महाबलीपुरमला समुद्राकाठीच झाले ना? झाले. पण तो पूर्व किनारा आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि जूनमध्ये तिथे उन्हाळाच असतो. अभिनेत्री रकुल प्रीत सिंग आणि निर्माते जॅकी भगनानी यांनी दक्षिण गोव्यात लग्न केले ते २१ फेब्रुवारी २०२४ रोजी. कोकण-गोव्यासाठी तोच हंगाम खरा. तुळशीचे लग्न उरकल्यावर, आभाळ निवळल्याची खात्री करून, फाल्गुनापर्यंतचे मुहूर्त शोधावेत.

गैरसमज ३ : मुहूर्त एकदा काढला की काम झाले. भरती-ओहोटी तिथे गेल्यावर पाहू.

वस्तुस्थिती : किनाऱ्यावरच्या लग्नातली सर्वांत मोठी चूक ही आणि तिचे उत्तर आपल्याच घरात खुंटीला टांगलेले असते. उमरग्यात बहुतेक घरी सोलापूरचे दाते पंचांग किंवा तिथी दाखवणारे कॅलेंडर असते. मुहूर्त ज्या तिथीवर निघतो, त्याच तिथीवरून भरतीची वेळ काढता येते, कारण दोन्ही चंद्रावर चालतात.

कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. दक्षिणेकडे जाल तसा वेळेत फरक पडतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या कोष्टकावरून नेमकी वेळ पडताळून घ्यावी. तारीख ठरवताना मात्र पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

आता हाच हिशेब मांडवाला लावा. अष्टमीला पूर्ण भरती संध्याकाळी सहाला येते, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी. एकादशीला सव्वाआठला, म्हणजे पंगत बसलेली असताना. पौर्णिमेचा मोह सगळ्यांनाच पडतो, तेव्हा तिच्याकडे नीट पाहा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. संध्याकाळी पाच-सहाला पाणी दूर गेलेले असते, वाळू विस्तीर्ण दिसते, म्हणून मांडव पुढे सरकवला जातो. लग्न छान लागते. मग रात्री अकराला, सामान आवरायच्या वेळी, पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी येते आणि ते रोजच्या भरतीच्या खुणेहूनही वर चढते. जनरेटर, वायरी आणि खुर्च्या तेव्हा सगळ्या पाण्याच्या वाटेत असतात. अमावास्येलाही तसेच उधाण असते.

संध्याकाळच्या लग्नाला पंचमीच्या आगेमागे असलेला मुहूर्त सोयीचा. दुपारी भरती होऊन जाते, वाळू धुऊन घट्ट होते, पाणी रात्री दहापर्यंत मागे हटत राहते आणि आवराआवरीला निवांत वेळ मिळतो. मांडवाची जागा ठरवताना वाळूवरची ओली रेषा पाहू नका. सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची सर्वांत वरची ओळ पाहा, उधाणाचे पाणी तिथवर पोचलेले असते. मांडव तिच्याही वर हवा.

गैरसमज ४ : सूर्यास्ताला लग्न लावणे ही बाहेरून आलेली टूम आहे.

वस्तुस्थिती : घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध अनेकदा इथेच असतो आणि तो सहज निवळू शकतो. गोरज मुहूर्त आपल्याकडे पूर्वापार आहे. गुरे रानातून परतण्याची वेळ, म्हणजे सूर्यास्ताच्या आगेमागचा काळ, लग्नाला शुभ मानला जातो. मुलांना हवा असलेला मावळतीचा प्रकाश आणि आजीला हवा असलेला मुहूर्त एकाच वेळी साधतात.

लक्षात ठेवायचे ते वेळेचे. कोकणचा किनारा उमरग्याच्या पश्चिमेला सुमारे सव्वातीन अंश रेखांशावर आहे, त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण तेरा मिनिटे उशिरा मावळतो. भटजींना लग्नाचे गाव सांगून त्या गावाची वेळ काढून घ्यावी. सूर्य बुडाल्यावरही वीसेक मिनिटे आभाळात रंग असतो. अक्षता पडल्यावर लगेच आहेरासाठी गर्दी करण्यापेक्षा तो वेळ दोघांना मोकळा द्यावा.

गैरसमज ५ : समुद्राच्या वाऱ्याने सजावट अधिक खुलते.

वस्तुस्थिती : शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री उलटा जातो. दुपारी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमका मांडव उभा करण्याच्या वेळी. उंच कमानीला लावलेला अखंड पडदा वारा शिडासारखा धरतो आणि बांबूसकट कमान ओढतो. वाळूत खुंटी धरत नाही, तिला वाळू भरलेल्या पोत्यांचे वजन लागते.

म्हणून सजावट बुटकी आणि आरपार हवी. अखंड कापडाऐवजी सुट्या पट्ट्या, उंच फुलदाण्यांऐवजी जमिनीलगत मांडलेली फुले, उघड्या मेणबत्तीऐवजी काचेच्या चिमणीतले दिवे. होमाची जागा वाऱ्याच्या आड घ्यावी आणि पडदे तिच्यापासून दूर ठेवावेत, कारण ठिणगी वाऱ्यावर किती लांब जाईल याचा भरवसा नसतो. मंगलाष्टके लाटांच्या आवाजात मागे ऐकू येत नाहीत, तेव्हा भटजींच्या आणि म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांच्या माइकला फोमची टोपी घालायला सांगा. आणि पाटाखाली, होमाखाली फळ्या अंथरा, मऊ वाळूत चौरंग कलतो.

गैरसमज ६ : किनाऱ्यावरची सजावट म्हणजे पांढरी वाळू, परदेशी फुले आणि शिंपले.

वस्तुस्थिती : प्रत्येक किनाऱ्याची वाळू वेगळी असते. तारकर्लीची वाळू पांढरट आहे, तर रत्नागिरीजवळ इल्मेनाइट या खनिजामुळे ती काळसर दिसते. काळसर वाळूवर पांढरा आणि पिवळा रंग उठून दिसतो, पांढऱ्या वाळूवर तोच पांढरा हरवतो. रंग ठरवण्याआधी जागा पाहावी, निदान तिथल्या माणसाकडून दिवसाउजेडी काढलेले साधे फोटो मागवावेत.

नाजूक पाकळ्यांची परदेशी फुले खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात काही तासांत माना टाकतात. तिथे टिकते ते तिथलेच. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, पोफळीचे तुरे, केळीचे खांब, झेंडू आणि शेवंती ही सामग्री दिवसभर उभी राहते. लग्न फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंधुदुर्गात असेल, तर नवरीच्या अंबाड्यात सुरंगीचा वळेसर माळावा, त्या हंगामात ती फुललेली असते.

आपल्या गावाकडचेही काही न्यावे. करडईचे पिवळे-केशरी बोंड वाळले तरी रंग आणि आकार धरून ठेवते, म्हणून परदेशात पुष्परचनाकार ते मुद्दाम वापरतात. आपल्या रानात ती जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामातच. काट्यांची भीती वाटत असेल तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण दिलेला आहे. ज्वारीच्या कणसांचे तोरण आणि ज्वारीच्याच रंगवलेल्या अक्षता त्या वाळूवर उमरग्याची ओळख सांगतील. वाळूत पडलेले धान्य पाखरे आणि खेकडे खातील, फक्त रंग हळदीचा किंवा कुंकवाचा असावा.

शिंपल्यांबाबत सावध राहा. प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. दुकानात मिळतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. टेबलावर मांडायला त्यांची गरजही नाही.

गैरसमज ७ : रात्रभर रोषणाई आणि डीजे, समुद्रावर कुणाला त्रास होणार?

वस्तुस्थिती : हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला रात्री वाळूवर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले, गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या त्यांच्या माहीत असलेल्या जागा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन वेळासला घरटी राखली आणि त्यातूनच तिथला कासव महोत्सव उभा राहिला. पिल्ले सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर येतात आणि पाण्यावरचा उजेड पाहून समुद्राकडे धावतात. जमिनीकडे झगमगाट असेल तर ती उलट दिशेने जाऊन मरतात. या प्राण्याला कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे. विणीच्या किनाऱ्यावर लग्न नकोच. इतर ठिकाणीही दिवे खाली झाकलेले, पिवळे आणि जमिनीकडे वळवलेले असावेत.

आवाजाचा नियम सन २००० पासून देशभर एकच आहे : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारे वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतात, पण आपले लग्न त्या दिवशी असेल असे धरून चालू नये.

गैरसमज ८ : वाळूत लागलेले लग्न कायद्याने कच्चे. किंवा उलट : फोटो-व्हिडिओ आहेत, आता कागद कशाला?

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. हिंदू विवाह कायदा, १९५५ जागेची अट घालत नाही. कलम ७ प्रमाणे वधू-वरांपैकी एका बाजूच्या रूढीनुसार विधी झाले पाहिजेत आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण होते. ते पाऊल कार्यालयाच्या फरशीवर पडो की ओल्या वाळूवर, मोल तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले की, आवश्यक विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. फोटोसाठी उरकलेले चार फेरे आणि खरी सप्तपदी यांत हा फरक आहे. सूर्य बुडतो म्हणून छायाचित्रकाराने घाई केली तरी भटजींना विधी पूर्ण करू द्या.

नोंदणीही विसरू नका. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. गोव्यातली नोंदणीची पद्धत वेगळी आहे. तिथे लग्न लावण्याचा विचार असेल तर नोंदणी कुठे आणि कशी करायची हे आपल्या नगरपालिकेत किंवा निबंधक कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

गैरसमज ९ : माणसे कमी, म्हणजे खर्च कमी आणि कटकटही कमी.

वस्तुस्थिती : जेवणाचा खर्च कमी होतो, त्याच्या जागी प्रवास, मुक्काम, परवानग्या आणि सामानाची ने-आण येते. उमरग्यातून रेल्वे जात नाही. वऱ्हाड गाडीनेच निघणार, रात्रभर बसणार आणि घाट उतरणार. आजीचे गुडघे, लेकुरवाळी बहीण, मधुमेही काका यांचा विचार आमंत्रणाच्या यादीआधी करावा. वाळूत चाकाची खुर्ची चालत नाही, तेव्हा गाडीपासून मांडवापर्यंत फळ्यांची वाट हवी. जवळ स्वच्छतागृह हवे आणि सावलीत बसायची जागा हवी.

पैशाहून मोठी किंमत वेगळीच आहे. गावातल्या लग्नात मांडवडहाळे आणणारा शेजारी असतो, रुखवत मांडणाऱ्या बायका असतात, न बोलावता पाणी वाढणारी पोरे असतात. किनाऱ्यावर त्यांच्या जागी पगारी माणसे येतात. जोडप्याने हे उघड्या डोळ्यांनी ठरवावे. मुहूर्तमेढ, देवक, हळद आणि गावजेवण उमरग्यात, आणि लग्न जवळच्या पन्नासएक माणसांसह समुद्रावर, अशी विभागणी मला सर्वांत न्यायाची वाटते. तीत कुणाचा मानही राहून जात नाही आणि मुलांची हौसही पुरते.

गैरसमज १० : समुद्राला जाणे जमत नसेल तर तोच कार्यालयात उभा करावा.

वस्तुस्थिती : निळे कापड, थर्माकोलच्या लाटा आणि प्लास्टिकचे शिंपले यांनी समुद्र उभा राहत नाही, नुसता कचरा उभा राहतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली ती याच कारणासाठी. आपण समुद्रापासून लांब आहोत म्हणून आपला कचरा तिकडे जात नाही, असेही समजू नये. आपल्याकडच्या तेरणा नदीचे पाणी मांजरेतून गोदावरीला मिळते आणि बोरीचे भीमेतून कृष्णेला. दोन्ही नद्या शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतात.

रम्य लग्नाला समुद्रच हवा असेही नाही. सोलापूरच्या वाटेवर नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तो पूर्ण झाला. पावसाळ्यात धरण भरले की पाणी नर आणि मादी या दोन धबधब्यांतून कोसळते. खिडकीत उभे राहिले की समोर पाण्याचा पडदा असतो. तो संरक्षित वारसा आहे, तिथे मांडव घालण्याची गोष्ट नको. पण लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात दोघांनी तिथे जरूर जावे. आणि गावातल्या मांडवाला आंब्या-जांभळाचे डहाळे, करडईची बोंडे, ज्वारीची कणसे आणि समयांचा उजेड लाभला, तर त्याची शोभा कुठल्याही किनाऱ्याहून उणी ठरत नाही.

उमरग्याहून समुद्रावर लग्नाला निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याला एवढेच सांगणे : तारीख ठरवताना तिथीची पाऊणपट काढा, परवानगीचा कागद हातात घ्या, तिथल्या कोळीवाडीला विचारा, घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला झेपेल असा बेत आखा आणि निघताना वाळू जशी होती तशी स्वच्छ ठेवून या. एवढे जमत असेल तर खुशाल समुद्रावर लग्न करा. जमत नसेल तर आपल्या गावचा मांडवच बरा.